किल्ली, पासवर्ड आणि चिठ्ठी

माणसांचं आयुष्य कुणाकुणाच्या सहवासात जातं. कुणाचं संगीताच्या, कुणाचं पुस्तकांच्या. माझं किल्लीच्या सहवासात गेलं. बँकेच्या तिजोरीची एक किल्ली माझ्या नावावर होती आणि ती इतकी वजनदार होती, की खिशात टाकली की माझी विजार त्या बाजूनं दोन बोटं खाली यायची. शाखेतले लोक मला लांबून ओळखत ते चालीवरून.

तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडायचं नाही. यामागचं बँकेचं तत्त्वज्ञान मोठं गमतीदार होतं. मी एकटा चोर, हेड कॅशियर एकटा चोर, पण दोघं एकत्र आलो की सज्जन! आता आम्हां दोघांपैकी एक जण अचानक वैकुंठवासी झाला तर काय, याचाही विचार पूर्वजांनी करून ठेवला होता. दोन्ही किल्ल्यांच्या जोडकिल्ल्या सीलबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत ठेवलेल्या असत. पाकीट फोडलं की नोंद, सह्या, पत्रव्यवहार. म्हणजे अडचणीतून वाट होती, पण ती चोरवाट नव्हती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग काँप्युटर आला. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आम्ही घोषणा दिल्या, काळ्या फिती लावल्या, आणि पुढल्या पाचसात वर्षांत त्याच काँप्युटरवर हळदकुंकू वाहून नारळ फोडला. लोखंडाची किल्ली तिजोरीपुरती राहिली आणि बाकी सगळ्याला पासवर्ड आला. वजन नाही, आवाज नाही, विजारही जागच्या जागी. मला वाटलं, सुटलो!

मी सुटलो नव्हतो, हे माझा भाचा मन्या मला दर रविवारी समजावतो. हा हिंजवडीला एका कंपनीत काही हजार काँप्युटरांच्या सुरक्षेची सेटिंगं सांभाळतो. "मामा, तुमच्या पिढीनं पासवर्डाची पार वाट लावली," असं तो माझ्याच घरचे पोहे खाताना म्हणाला. निवृत्त माणसाला वेळ आणि अपमान दोन्ही भरपूर असतात. मी या विषयाचा इतिहास वाचायला घेतला. आणि सांगायला आनंद वाटतो, की वाट आमच्या पिढीनं लावलेली नाही. ती पहिल्या दिवसापासून लागलेलीच होती.

काँप्युटरवरच्या पासवर्डाचं माहेर अमेरिकेतली एमआयटी ही संस्था. १९६१ साली तिथे फर्नांडो कोर्बातो नावाच्या गृहस्थांनी एका मोठ्या यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय दाखवली. तिचं नाव सीटीएसएस. चाळीतला एक नळ आणि बिऱ्हाडं अनेक, असा प्रकार. नळ सामाईक असला तरी प्रत्येकाची कळशी वेगळी हवी, म्हणून ज्याच्या त्याच्या कागदांना पासवर्ड लावला. मला कोर्बातोसाहेबांबद्दल आदर आहे. पण पासवर्डाला वर्षही पुरतं लोटलं नसेल, तोच पहिली चोरी झाली.

चोर बाहेरचा नव्हता. ॲलन शेर नावाचा तिथलाच एक पीएच.डी.चा विद्यार्थी. त्याला यंत्र आठवड्याला चार तास मिळे आणि काम तेवढ्यात उरकेना. तेव्हा एखादी फाइल छापून हवी असली तर तशी मागणी पंच केलेल्या कार्डावर नोंदवायची, की छापील कागद तयार. या पठ्ठ्यानं १९६२ साली एका शुक्रवारी रात्री सगळ्यांच्या पासवर्डांची फाइल छापायला टाकली आणि शनिवारी सकाळी जाऊन कागद उचलून आणला! तिजोरी फोडली नाही, भिंत खणली नाही. रीतसर अर्ज केला आणि मंजूर झाला. ही हकीकत त्यानं कबूल केली ती तब्बल पंचवीस वर्षांनी. पंचवीस वर्षांनंतरच्या कबुलीजबाबाची मला चेष्टा करवत नाही. कारण पुढे कळेल.

त्याच यंत्रावर काही वर्षांनी एक दुपार अशी उगवली, की जो कोणी काम सुरू करी त्याच्यापुढे रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून येऊ लागली. झालं होतं असं, की देखरेख करणाऱ्यांपैकी एक जण सूचनेची फाइल दुरुस्त करत होता आणि दुसरा पासवर्डांची. दोघांच्या कच्च्या प्रतींना यंत्रानं एकच नाव दिलं, आणि लग्नात चपलांची व्हावी तशी अदलाबदल झाली. पंधरावीस मिनिटं हा प्रकार चालला होता. शेवटी एका भल्या माणसानं फोन करून विचारलं, की अहो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? कोर्बातोंनी स्वतःच ही गोष्ट १९९० सालच्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितली. आपली फजिती पुरस्काराच्या व्यासपीठावरून सांगणारा माणूस मला मोठा वाटतो. आमच्याकडे अशा फजितीवर 'गोपनीय' असा शिक्का मारून ती कपाटात ठेवतात.

आता तुम्ही म्हणाल, दोष यंत्राचा. माणसं निवडतात ते पासवर्ड तरी धड असतात का? याचीही मोजदाद झालेली आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन या दोघांनी १९७९ साली एक निबंध लिहिला. ३,२८९ पासवर्ड तपासले, त्यांतले २,८३१ सहज ओळखता येण्याजोगे निघाले. पंधरा जणांनी तर एकच अक्षर ठेवलं होतं. एक अक्षर! कडी लावायची, पण बाहेरून दिसेल अशी. या दोघांनी उपाय असा सांगितला, की पासवर्ड आहे तसा साठवू नये, त्यात प्रत्येकाला निराळी अशी काही अंकांची भर घालावी आणि मग ते मिश्रण ओळखू येणार नाही असं दळून ठेवावं. या भरीला त्यांनी इंग्रजीत चक्क 'मीठ' असंच नाव दिलं. पासवर्ड मुरंब्यासारखा न टिकवता लोणच्यासारखा टिकवावा, हे अमेरिकेत कळायला १९७९ उजाडलं.

यापुढची गोष्ट माझ्या विशेष आवडीची, कारण ती हिशेबातल्या फरकाची आहे. बँकेत ज्यांनी काम केलं आहे त्यांना 'फरक' या शब्दाचा अर्थ सांगायला नको. संध्याकाळी जमा-नावे जुळेना आणि फरक बारा आण्यांचा निघाला, तर खिशातून बारा आणे टाकून घरी जाता येत नाही. रात्री नऊपर्यंत खातेवह्या चाळाव्या लागतात. बायकोला हे आयुष्यभर पटलेलं नाही. १९८६ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला काँप्युटरच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक दाखवण्यात आला. म्हणजे बारा आणेच! त्यानं तो फरक वर्षभर शोधला. ग्रहतारे बाजूला ठेवून, वायरींना छपाईची यंत्रं जोडून, तिथेच झोपून. फरकाच्या दुसऱ्या टोकाला जर्मनीतल्या हॅनोवरचा एक तरुण निघाला. तो अमेरिकेच्या लष्करी यंत्रांत शिरून सापडेल ती माहिती रशियाच्या केजीबीला विकणाऱ्या टोळीतला होता.

तो आत शिरायचा कसा? इथे खरी गोम आहे. फार थोड्या ठिकाणी त्यानं डोकं चालवलं. बाकी ठिकाणी यंत्र कारखान्यातून येताना जी खाती आणि जे पासवर्ड लावून आलं होतं, तेच कुणी बदललेले नव्हते. बर्कलीत एक साधी टपाल हलवण्याची प्रणाली गरजेपेक्षा जास्त अधिकार देऊन बसवलेली होती, तेवढी फट त्याला पुरली. नवीन कपाट घ्यावं आणि दुकानदारानं कुलपाला दोऱ्यानं बांधलेली किल्ली तशीच लोंबत ठेवावी, त्यातला प्रकार.

दोन वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ ला, एक छोटीशी प्रणाली एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी आपली आपण पसरत गेली. तिच्याजवळ ४३२ सोप्या पासवर्डांची एक यादी होती. शिवाय टपाल पोचवणाऱ्या प्रणालीत चाचणीपुरतं उघडं ठेवलेलं एक सेटिंग बऱ्याच ठिकाणी बंदच केलेलं नव्हतं, तिथूनही ती घुसली. सुमारे ६,००० यंत्रं आडवी झाली असा तेव्हाचा अंदाज. करणारा कोण, तर रॉबर्ट टॅपन मॉरिस, वय तेवीसच्या आत. मॉरिस हे नाव ओळखीचं वाटलं ना? पासवर्ड दुबळे असतात म्हणून निबंध लिहिणाऱ्या त्याच मॉरिससाहेबांचे चिरंजीव! आणि वडील त्या वेळी सरकारच्या काँप्युटर सुरक्षा केंद्रात प्रमुख शास्त्रज्ञ. मुलानं वडिलांचा अभ्यास इतक्या मनापासून केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

या सगळ्यातून शहाण्या लोकांनी एक धडा घेतला. प्रत्येक यंत्राची सेटिंगं ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडू नयेत, ती एका जागेवरून लावावीत. यंत्रं दहा होती तोवर एक माणूस फ्लॉपी घेऊन टेबलाटेबलाशी फिरे. दहा हजार झाल्यावर त्याचे जोडे पुरेनात. २००० साली विंडोजच्या नव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनं त्याची मोठी सोय केली. कार्यालयातलं प्रत्येक यंत्र सकाळी उठल्यावर मुख्य यंत्राला विचारतं, "आज नियम काय?" आणि मग दर नव्वद मिनिटांनी पुन्हा विचारतं. सगळ्यांनी एकदम गलका करू नये म्हणून त्यात अर्ध्या तासापर्यंतची ढील. एकत्र कुटुंबात थोरल्या काकूंना विचारल्याशिवाय भाजी चिरायची नाही, तसं. पासवर्ड किती अक्षरांचा, किती दिवसांनी बदलायचा, कितीदा चुकला की दार बंद, सगळं काकू ठरवणार. मन्या म्हणजे त्याच्या कंपनीतला थोरल्या काकूंचा उजवा हात.

पण काकूंना तरी हे नियम कुणी सांगितले? त्यांतला बराच भाग बिल बर नावाच्या एका अमेरिकन सरकारी अधिकाऱ्यानं लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेतून आला. साल २००३च्या आसपासचं. मोठी लिपी, छोटी लिपी, अंक, चिन्ह, आणि वरचेवर बदल. जगभरच्या कार्यालयांनी ते वेदवाक्य मानलं. आमच्या शाखेतही फर्मान आलं, की दर तीस दिवसांनी नवा पासवर्ड, जुना चालणार नाही, तीनदा चुकला तर खातं बंद. मला बायकोचा वाढदिवस लक्षात ठेवायला पंचवीस वर्षं लागली, आणि तो बदलत नाही! मी काय करणार? मी चिठ्ठी केली आणि कीबोर्डाखाली ठेवली. शाखेतल्या प्रत्येक कीबोर्डाखाली एक चिठ्ठी होती. कागद घालून टेबल सारखं करावं तसे ते कीबोर्ड थोडे उंच दिसत.

आता ती गोष्ट. २००५ सालचा मे महिना. मन्याची मुंज होती आणि मामाशिवाय मुंज लागत नाही, म्हणून मी तीन दिवसांची रजा घेतली. शाखा तालुक्याची, अधिकारी दोनच. दुसरे मॅनेजर. त्यांना दुपारी अचानक वरच्या कार्यालयात बैठकीला बोलावलं. बैठकीचा विषय काय होता हे सांगितलं तर मी रचून सांगतोय असं वाटेल, म्हणून सांगत नाही. मागे राहिला आमचा क्लार्क सावंत. अडीचच्या सुमाराला एक बाई धावत आल्या. नवऱ्याला पुण्याला हलवायचं होतं, ॲम्ब्युलन्स दारात उभी होती. खातं त्यांचंच, पैसे त्यांचेच. पण एका रकमेच्या वर गेलं की अधिकाऱ्याच्या पासवर्डाशिवाय यंत्र पैसे देईना. सावंतानं मॅनेजरांना तीनदा फोन लावला. बैठकीत फोन बंद. मग त्यानं माझा कीबोर्ड उचलला.

बाईंचा नवरा वाचला. तीन महिन्यांनी तपासनीस आले. रजेच्या मस्टरवर मी, आणि दोन चाळीसला मंजुरी देणाराही मी! चौकशी झाली. सावंतानं पहिल्याच प्रश्नाला सगळं खरं सांगितलं. मग मला विचारण्यात आलं, "तुम्ही सावंतांना पासवर्ड सांगितला होता का?" मी म्हणालो, "नाही."

उत्तर शब्दशः खरं होतं. मी सांगितला नव्हता. चिठ्ठीबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मी बोललो नाही. सावंताची एक वेतनवाढ वर्षभर रोखली गेली.

रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. गडाचे दरवाजे संध्याकाळी बंद होत ते होतच. तान्हं मूल खाली घरी आणि दूध घालायला आलेली ही गवळण वर अडकलेली. पहारेकरी नियमाला पक्के. मग ती जिथून कोणी उतरू शकत नाही असा कडा उतरून गेली. महाराजांनी तिला बोलावून शिक्षा केली नाही, असं कथा सांगते. तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. दरवाजा बंद ठेवणारे पहारेकरी चुकले असंही कुणी म्हणत नाही. नियम बरोबर होता, बाईही बरोबर होती, आणि कडा मोकळा आहे हे कळलं ते तिच्यामुळे. आमच्या चौकशीच्या अहवालात दरवाजा होता, हिरकणी होती, फक्त बुरूज नव्हता. दोन अधिकाऱ्यांच्या शाखेत दोघंही नसतील तर काय करायचं, हा प्रश्न कुणी लिहिलाच नाही. लोखंडाच्या किल्लीसाठी सीलबंद पाकीट होतं. पासवर्डासाठी ते ठेवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग पाकिटाचं काम माझ्या चिठ्ठीला करावं लागलं.

मन्याला हे सांगितल्यावर तो गप्प झाला. (मुंज त्याचीच होती.) मग म्हणाला, "मामा, आता आम्ही आणीबाणीचं एक वेगळं खातं ठेवतो. आगीच्या घंटेवरची काच फोडतात ना, तसं. वापरलं की सगळ्यांना कळतं." मी म्हटलं, "म्हणजे सीलबंद पाकीट!" तो म्हणाला, "तसंच म्हणा." आमच्या पिढीनं वाट लावली हे वाक्य त्यानंतर पोह्यांच्या बशीत पुन्हा पडलेलं नाही.

आणि २०१७ साली आणखी गंमत झाली. ते बिल बर निवृत्तीनंतर एका वर्तमानपत्राला म्हणाले, की मी जे सांगितलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा मला आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी सरकारी संस्थेनं नियम फिरवले. लांब पासवर्ड ठेवा, चिन्हांची सक्ती नको, आणि तो फुटल्याची शंका नसेल तर उगाच बदलायला लावू नका. म्हणजे चौदा वर्षं जगभर जे कीबोर्ड उंच झाले होते, ते विनाकारण. सक्त नियमानं पासवर्ड अवघड झाला आणि अवघड पासवर्ड चिठ्ठीवर उतरला. चोराला तेवढं पुरतं.

काकूंच्या हाती सगळं एकवटण्यालाही दुसरी बाजू आहे, हे पुढे दिसलं. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीनं आपल्या प्रणालीसाठी नेहमीसारखी एक सेटिंगची फाइल जगभर धाडली. आपल्याकडे सकाळचे नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटं झाली होती. फाइलीत चूक होती. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत कंपनीनं ती मागे घेतली, पण तोवर सुमारे ८५ लाख यंत्रांचे पडदे निळे झाले होते. विमानं अडली, इस्पितळं अडली. चोर कुणीच नव्हता. पहारेकऱ्यानंच दार आतून लावून घेतलं होतं. फाइल गेली एका क्षणात एका जागेवरून, पण दुरुस्तीसाठी माणसाला बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी जाऊन उभं राहावं लागलं. आपल्या विमानतळांवर तर प्रवाशांना हातानं लिहून बोर्डिंग पास दिले. वर्तमानपत्रात तो फोटो पाहून मी त्यातलं अक्षर तपासलं. वाईट नव्हतं. कुणीतरी अजून लिहू शकतं, एवढ्यानं मला बरं वाटलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. आपण जिवंत आहोत हे निवृत्त माणसाला वर्षातून एकदा सिद्ध करावं लागतं, आता अंगठ्याच्या ठशावर. रांगेत पुढे सावंत. तोही निवृत्त झालेला, केस माझ्यापेक्षा पांढरे. एकोणीस वर्षं जे घशाशी अडकलं होतं ते मी तिथेच, रांगेत, सांगून टाकलं. "सावंत, ती चिठ्ठी माझी होती हे मी चौकशीत बोलायला हवं होतं."

सावंत हसला. "साहेब, ते सगळ्या शाखेला ठाऊक होतं. पण त्या दिवशी तुमचा राग आला होता तो चिठ्ठीवरून नव्हे."

"मग?"

"अक्षरावरून! पाच आहे की नऊ, काही कळेना. दोनदा चुकलो. बाई रडत होत्या आणि यंत्र म्हणत होतं, आता एकच संधी. साहेब, चिठ्ठी ठेवायची तर माणसानं निदान वाचता येईल अशी ठेवावी!"

मग त्याचा नंबर आला. अंगठा ठेवला, यंत्रानं ओळखला. माझा मात्र तीनदा ठेवूनही ओळखेना. मागून सावंत म्हणाला, "थांबा साहेब, बोट पुसून द्या." आणि त्यानं खिशातला रुमाल पुढे केला.